पिशवी पंधरा मिनिटांची, पाठपुरावा पंधरा वर्षांचा : मज्जासंस्थेच्या आजारांवरील कार-टी उपचाराचे परीक्षण

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, नऊ वर्षांपासून मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार आहे. गेल्या वर्षी एका वैद्यकीय चाचणीत तिच्यावर कार-टी पेशींचा उपचार झाला आणि सोबतीला राहणारी म्हणून पहिल्या तपासणीपासून आजवरचा सगळा क्रम मी जवळून पाहिला. हे परीक्षण दोन गोष्टींचे आहे : एक प्रत्यक्ष उपचार आणि दुसरी तो रुग्णापर्यंत पोहोचवणारी सेवा. दोन्हींना मिळून एकच गुण देणे मला जमणार नाही, कारण उपचाराने आमच्या अपेक्षेहून अधिक दिले आणि सेवेने नेमक्या नाजूक ठिकाणी हात आखडता घेतला. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे भेटलेल्या इतर कुटुंबांशी बोलल्यावर असे वाटले, की माझ्या तक्रारी त्या एका इमारतीपुरत्या नसाव्यात.

आधी उपचार म्हणजे नेमके काय, ते सांगते. रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात एक नवे जनुक घालतात आणि त्या जनुकामुळे या पेशींच्या पृष्ठभागावर एक कृत्रिम रिसेप्टर तयार होतो. हा रिसेप्टर बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या अंगावरची एक ठरावीक खूण ओळखतो, बहुतेक चाचण्यांत सीडी-१९ आणि काहींत बीसीएमए, आणि ती खूण दिसली की टी-पेशी त्या पेशीला ठार करते. मायस्थेनियासारख्या आजारात शरीर स्वतःच्याच विरुद्ध जी प्रतिपिंडे बनवते, ती बी-पेशींच्या वंशातूनच येतात. तेव्हा तो वंश काही काळापुरता पुसून टाकावा आणि पुढे अस्थिमज्जेतून नव्याने येणाऱ्या बी-पेशींना जुने वैर ठाऊकच नसावे, एवढीच यामागची कल्पना आहे. बी-पेशी तर रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषधही मारते, मग हा एवढा खटाटोप कशाला, असे मीही पहिल्याच भेटीत विचारले होते. रिटुक्सिमॅब रक्तातल्या बी-पेशी साफ करते, पण लसिकाग्रंथींत आणि ऊतींत दडलेल्या पुष्कळशा पेशी तिच्या हाती लागत नाहीत. कार-टी पेशी मात्र जिवंत असतात. त्या स्वतः फिरतात, आत शिरतात आणि भक्ष्य सापडेल तशा वाढतात.

कल्पना कर्करोगाच्या अंगणातून आली. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एश्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये असा संकरित रिसेप्टर मांडला, २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलीवर तो यशस्वी झाला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने पहिल्या कार-टी औषधाला मान्यता दिली. स्वप्रतिकार आजारांकडे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांकडे, तो वळला जर्मनीतील एरलांगेन येथे. गेऑर्ग शेट आणि आंद्रेआस माकेन्झन यांच्या गटाने २०२१ मध्ये ल्युपस या अशाच एका आजाराच्या एका तरुण रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि २०२४ मध्ये ल्युपस, स्नायुदाह आणि सिस्टेमिक स्क्लेरोसिस (त्वचा व अवयव कडक होण्याचा आजार) मिळून १५ रुग्णांचा. मज्जासंस्थेचे आजार त्यांच्या मागोमाग आले. आमच्या घरात हे शब्द शिरले ते २०२३ मध्ये, जर्मनीतच एका मायस्थेनियाच्या रुग्णाला हा उपचार मिळाल्याचे ताईने वाचले तेव्हा.

या उपचाराविषयी लिहिताना ‘रीसेट’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे, आणि माझी मुख्य हरकत इथेच आहे. रोगप्रतिकारक यंत्रणेचा हल्ला थांबणे आणि हल्ल्यात गेलेले परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार-टी पहिली करते. दुसरी होईल की नाही, हे आजाराने तोवर काय मोडले आहे त्यावर ठरते. मायस्थेनियात चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरचे रिसेप्टर प्रतिपिंडांमुळे अडतात आणि घटतात, परंतु चेतातंतू शाबूत असतो. प्रतिपिंडांचा मारा कमी झाला की तो सांधा पुष्कळसा भरून निघतो. स्नायू ताठरवून टाकणाऱ्या स्टिफ पर्सन सिंड्रोमचेही बरेचसे तसेच. जर्मनीतील बोखुम येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदवलेल्या ६९ वर्षांच्या रुग्णबाईंना उपचारापूर्वी ५० मीटरही चालता येत नव्हते, आणि तीन महिन्यांत त्या दिवसाला ६ किलोमीटरपर्यंत पोहोचल्या. एका रुग्णावरून निष्कर्ष काढू नये हे खरेच, पण इतका बदल केवळ मनाच्या उभारीने होत नाही.

डोळ्यांच्या चेतातंतूंवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करणाऱ्या न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचे गणित निराळे आहे. तिथे एकेक झटका दृष्टी किंवा पाय घेऊन जातो, म्हणून पुढचा झटका न येणे हीच कमाई धरायची. चीनमध्ये १२ रुग्णांना बीसीएमएवर रोखलेल्या पेशी दिल्या, त्यांपैकी ११ जणांना साडेपाच महिन्यांच्या (मध्यक) पाठपुराव्यात झटका आला नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वृत्तांतात ७ जणांना संसर्ग झाल्याचेही लिहिले आहे. उत्साहाने आकडा सांगणारे हा दुसरा आकडा बहुधा गाळतात. उरला मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंचे आवरण झिजवणारा आजार. त्याच्या वाढत जाणाऱ्या प्रकारात दाह मेंदूच्या आवरणांआड, बंद दाराच्या आत चालतो, आणि नेहमीची प्रतिपिंड-औषधे त्या दारातून फारच थोडी आत जातात. हाम्बुर्गमध्ये २०२४ साली नोंदवलेल्या दोन रुग्णांच्या मेरुद्रवात कार-टी पेशी आढळल्या, म्हणजे दार त्यांना उघडते. पण तुटलेला चेतातंतू या पेशी जोडत नाहीत. वर्षानुवर्षे चाकाच्या खुर्चीत असलेल्या माणसाला कोणी ‘पुन्हा चालाल’ असे सुचवत असेल, तर त्याच्या हेतूविषयी शंका घ्यावी.

आता सेवा. यातला सर्वांत अवघड काळ पेशी देण्याचा नसून त्याआधीचा आहे, आणि त्याची कल्पना आम्हाला कोणीही नीट दिली नाही. टी-पेशी काढण्यापूर्वी त्यांना दाबणारी औषधे कमी करावी लागतात, काही पूर्ण थांबवावी लागतात. त्यानंतर प्रयोगशाळेत पेशी तयार होऊन, तपासून, गोठवून परत येईपर्यंत काही आठवडे जातात. कर्करोगाच्या रुग्णाला ही प्रतीक्षा वेगळ्या तऱ्हेने जड जाते, पण मायस्थेनियाच्या रुग्णाला ज्या औषधांवर श्वास उभा आहे तीच काढून घेऊन थांबायला सांगणे म्हणजे जिना उतरताना कठडा काढण्यासारखे आहे. दुसऱ्या आठवड्यात ताईचा आवाज नाकातून येऊ लागला आणि पाणी पिताना ठसका लागू लागला. तिला दाखल करून पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे, शिरेतून द्यावे लागले. संमतिपत्र छत्तीस पानांचे होते आणि त्यात या शक्यतेला एक ओळ होती. ती ओळ खरी होती, ही गोष्ट मान्य. पण छत्तीस पानांतली एक ओळ म्हणजे सांगणे नव्हे.

पेशी काढण्याचा दिवस मात्र सुरेख पार पडला. दोन्ही हातांत सुया, एका हातातून रक्त यंत्रात जाते, पांढऱ्या पेशींचा पातळ थर बाजूला होतो आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातात परत येते. असे चार तास. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे शरीरातले कॅल्शियम उतरते आणि ओठांना मुंग्या येतात. ताई ‘ओठ झिणझिणतायत’ म्हणण्याआधीच नर्सने तिच्या ओठांकडे पाहून कॅल्शियम सुरू केले होते. या विभागाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

त्यानंतर फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड यांची तीन दिवसांची केमो, जिचे काम शरीरातल्या जुन्या पेशींना थोडे बाजूला सारून नव्यांना जागा करून देणे हे असते. ‘सौम्य केमो’ असे तिचे वर्णन होते. कर्करोगाच्या मानाने ती सौम्य असेलही, पण मूल हवे असलेल्या तरुण रुग्णाने सायक्लोफॉस्फामाइडचा प्रजननक्षमतेवर होणारा परिणाम आधीच विचारून घ्यावा. आमच्या शेजारच्या खोलीतल्या मुलीला तो प्रश्न केमोच्या आदल्या दिवशी सुचला.

प्रत्यक्ष पेशी देणे हा प्रसंग इतका साधा आहे की निराशाच व्हावी. वाफाळणाऱ्या थंड डब्यातून तळहाताएवढी पिशवी निघाली, दोघी नर्सनी आळीपाळीने तिच्यावरचे नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचून ताईच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिले, पिशवी कोमट पाण्यात वितळवली आणि पंधरा मिनिटांत ती रिकामी झाली. गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून घातलेल्या रसायनाचा लसणासारखा दर्प खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला; तो ताईच्या श्वासातूनच येत होता, आणि तिला स्वतःला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

खरी परीक्षा पुढच्या दहा दिवसांत असते. वाढणाऱ्या कार-टी पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात, त्यांनी ताप चढतो, रक्तदाब उतरू शकतो. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध असते. दुसरा धोका मेंदूचा. शब्द न सुचणे, गोंधळणे आणि क्वचित आकडी येणे, असे त्याचे रूप असते. स्वप्रतिकार आजारांत हे दोन्ही त्रास आतापर्यंत बहुतांशी सौम्य राहिले आहेत, बहुधा मारायच्या बी-पेशींचा साठा कर्करोगाच्या मानाने पुष्कळ लहान असल्यामुळे. मेंदूवर लक्ष ठेवण्याची पद्धत मला फार आवडली. दहा गुणांची छोटी तोंडी परीक्षा दिवसातून अनेकदा घेतात : वर्ष, महिना, शहर आणि रुग्णालय सांगा, तीन वस्तूंची नावे सांगा, एक साधी सूचना पाळा, शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजा आणि एक वाक्य लिहा. ताईने निवडलेले वाक्य होते, ‘खिडकीबाहेर आज ऊन पडले आहे.’ ऊन असो वा नसो, तेच वाक्य, रोज एकाच कागदावर, एकाखाली एक. पाचव्या दिवशी ३९ अंश ताप असताना ओळ उजवीकडे घसरलेली आहे आणि ‘पडले’चा ‘ड’ दोनदा आला आहे. तिचे बाकीचे नऊ गुण शाबूत होते, तरी त्या ओळीवरून रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तपासण्या वाढवल्या. सातव्या दिवशी अक्षर पुन्हा रेघेवर आले.

इथे मज्जासंस्थेच्या रुग्णाची एक अडचण आहे, जी रक्तविकारांच्या विभागाला सवयीने दिसत नाही. ताप आला की मायस्थेनिया आपणहून बळावतो. मग हात गळाले तर ते तापाने, मूळ आजाराने की कार-टीच्या दुष्परिणामाने, हे ठरवायला दोन्ही शाखांचे डॉक्टर एकाच वेळी खाटेशी हवेत. आमच्याकडे ते सकाळी अकराला एकत्र येत. ताप मात्र रात्री चढे. मायस्थेनिया बळावला की स्टेरॉइड वाढवण्याकडे एका विभागाचा हात जातो, तर नव्या पेशी दाबल्या जातील म्हणून स्टेरॉइड शक्यतो टाळण्याकडे दुसऱ्याचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे रुग्ण. एका रात्री पावणेदोन तास हा निर्णय फोनवर अडकून पडला होता. त्या वेळात ताईला एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते मी दर पंधरा मिनिटांनी लिहून ठेवत होते : अठरा, सतरा, सतरा, चौदा.

घरी सोडल्यानंतरचा भाग सर्वांत कच्चा निघाला. विसाव्या दिवशी रात्री पुन्हा ताप आला. हातातल्या कार्डावरचा नंबर चाचणीच्या समन्वयकांचा होता आणि तो संध्याकाळी सहानंतर उचलला जात नव्हता. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलो, तर तिथल्या तरुण डॉक्टरांनी पांढऱ्या पेशी कमी पाहून तत्परतेने लिव्होफ्लॉक्सासिन लिहिले. तत्परता योग्यच होती, औषध चुकीचे. त्या गटातील प्रतिजैविके मायस्थेनिया बळावू शकतात. ताईनेच मान हलवून कागद मागितला आणि ‘हे मला चालत नाही, मायस्थेनिया’ असे लिहून दिले. दुसरे प्रतिजैविक दिल्यावर ताप तिसऱ्या दिवशी गेला. कार्डावर कार-टीचा उल्लेख होता, स्टेरॉइड विचारल्याशिवाय देऊ नका असे होते, फ्लुडाराबिननंतर रक्त द्यायचे झाल्यास ते किरण दिलेलेच हवे हेही होते. मूळ आजार आणि त्यात टाळायची औषधे मात्र कुठेच नव्हती. कर्करोगासाठी छापलेले कार्ड जसेच्या तसे आम्हाला दिले गेले होते, हे उघड आहे. लेखी तक्रारीला उत्तर आले, ‘सूचनेची नोंद घेतली आहे’.

गुण कितीही कापले तरी परिणाम कापता येत नाही. मायस्थेनियात रोजच्या जगण्याचे मोजमाप करणारी २४ गुणांची प्रश्नावली असते. बोलणे, चावणे, गिळणे, श्वास, दात घासणे आणि केस विंचरणे, खुर्चीतून उठणे, दोन-दोन दिसणे आणि पापणी पडणे अशा आठ बाबी, प्रत्येकी शून्य ते तीन, आणि गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. ताईचे गुण उपचारापूर्वी ११ होते, तिसऱ्या महिन्यात ३ झाले आणि आज, अकराव्या महिन्यात, २ आहेत. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमवरून ५ वर आले, दुसरे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध बंद झाले. चौथ्या महिन्यात बी-पेशी परतल्या आणि त्या बहुतांशी कोऱ्या, म्हणजे अजून कशाशीही ओळख न झालेल्या, असल्याचे अहवालात होते. प्रतिपिंडांची पातळी मात्र निम्म्याच्या आसपासच उतरली. यातही एक धडा दडलेला आहे : बी-पेशींपासूनच बनणाऱ्या आणि प्रतिपिंडे तयार करत राहणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींच्या अंगावर सीडी-१९ ची खूण बहुधा नसते, त्यामुळे त्या या उपचारातून सुटतात. त्याचा फायदा असा, की जुन्या लसींनी दिलेले संरक्षण बरेचसे टिकते. तोटा असा, की आजाराची काही प्रतिपिंडे त्याच आडोशाने राहू शकतात. बीसीएमएवर रोखलेल्या पेशी हा आडोसाही फोडतात, आणि मग संसर्गापासूनचे कवचही अधिक पातळ होते. फुकट यात काहीच मिळत नाही.

दूरच्या धोक्यांविषयी दोन गोष्टी. जनुक टी-पेशीच्या गुणसूत्रात कायमचे बसते, म्हणून अशा रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवण्याची पद्धत आहे. आणि कार-टीनंतर टी-पेशींचाच कर्करोग झाल्याची थोडी उदाहरणे पुढे आल्यावर एफडीएने जानेवारी २०२४ मध्ये या वर्गातील औषधांवर ठळक इशारा घालायला लावला. धोका विरळ आहे. पण कर्करोगामुळे मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने तो पत्करणे आणि गोळ्यांवर बरे चाललेल्या मायस्थेनियाच्या रुग्णाने तो पत्करणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हेच अंतर ओळखून वेगळे मार्ग काढणारेही आहेत. डेस्कार्टेस-०८ या उपचारात जनुक कायमचे न बसवता एमआरएनए, म्हणजे जनुकाच्या सूचनेची तात्पुरती प्रत, वापरतात, जो काही दिवसांत विरून जातो. त्याआधी केमो लागत नाही आणि रुग्णालयात मुक्कामही करावा लागत नाही. १४ मायस्थेनिया रुग्णांवरचा त्याचा पहिला वृत्तांत २०२३ मध्ये आला. ताईने ज्या चाचणीत नाव घातले ती आधी सुरू झाली नसती, तर मी तिला याच्यासाठी थांबायला सांगितले असते. त्याहून नेमकी कल्पना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमी पेन यांच्या गटाने मांडली : मायस्थेनियाच्या काही रुग्णांत प्रतिपिंडे ज्याच्यावर हल्ला करतात ते मस्क हे प्रथिनच टी-पेशीच्या अंगावर आमिष म्हणून लावायचे, म्हणजे मस्कविरुद्ध प्रतिपिंड बनवणारी बी-पेशी आपणहून येऊन चिकटेल आणि फक्त तीच मरेल, बाकी सगळ्या सुरक्षित. चोर पकडण्यासाठी सगळी वस्ती रिकामी करण्यापेक्षा हे केव्हाही बरे, असे मला वाटते. अर्थात हा मार्ग कागदावर जितका देखणा, तितका प्रत्येक आजारासाठी नवा घडवावा लागणारा आहे.

उपचाराला मी पाचपैकी चार गुण देईन, सेवेला अडीच. तो अर्धा गुण पेशी काढणाऱ्या विभागाचा आणि त्या वाक्याच्या कागदाचा. ज्यांचा आजार दोन-तीन औषधांना दाद देत नाही, ज्यांचे चेतातंतू अजून शाबूत आहेत आणि ज्यांच्याजवळ महिनाभर रात्री जागू शकणारे माणूस आहे, त्यांनी जरूर चौकशी करावी. नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : औषधे थांबवल्यापासून पेशी मिळेपर्यंत आजार बळावला तर काय करायचे, रात्री मेंदूविकाराचा कोणता डॉक्टर प्रत्यक्ष हजर असेल, आणि सहानंतर उचलला जाणारा नंबर. ताईच्या कार्डामागे टाळायच्या औषधांची यादी आम्ही स्वतःच लिहून ते लॅमिनेट करून घेतले आहे. तिची पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, आणि लसींपैकी कोणत्या पुन्हा घ्यायच्या हे त्या दिवशी ठरेल.